आधी नदी काढा: सँडबॉक्स कॅम्पेन पहिल्यांदा चालवणाऱ्यांसाठी

रविवारची सकाळ. नाशिकच्या इंदिरानगरमधल्या एका हॉलमध्ये पाच जण गोल बसलेले, कॅरेक्टर शीट भरून झालेल्या, फासे मधोमध. खेळ डन्जन्स अँड ड्रॅगन्स. डीएम, म्हणजे खेळातलं जग चालवणारा डन्जन मास्टर, मी. मोठ्या उत्साहात म्हणालो, "हे जग तुमचं आहे. कुठेही जा, काहीही करा." कोणी काही बोलेना. शेवटी एकीने विचारलं, "पण आजूबाजूला आहे काय?" माझ्याकडे सांगण्यासारखं काहीच नव्हतं. मग मी म्हणालो, "रस्त्याला पुढे फाटा आहे. डावीकडे की उजवीकडे?" ते डावीकडे गेले. का गेले, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

त्या सकाळी काय चुकलं ते कळायला मला बरेच महिने लागले. म्हणून तेच आधी सांगतो, कारण खालचं सगळं त्यावर उभं आहे. खेळाडूंना मोकळीक द्यायची म्हणजे त्यांच्यापुढे कोरा कागद ठेवायचा, असं मी धरून चाललो होतो. पण कुठे काय आहे, तिथे गेल्यावर काय मिळेल, काय गमवावं लागेल, याचा थोडा तरी अंदाज असला तरच माणूस निवडतो. अंदाजच नसेल तर तो नाणं उडवतो. सँडबॉक्सच्या डीएमने गोष्ट लिहायची नसते. त्याने एक मुलूख तयार करायचा आणि त्या मुलखाची बातमी खेळाडूंपर्यंत पोचवत राहायची.

ज्यांना हा प्रकारच नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. डन्जन्स अँड ड्रॅगन्ससारख्या खेळात तयार साहस विकत मिळतं. त्यात गोष्टीची वाट आखलेली असते, गावातून जंगलात, जंगलातून बुरुजात, बुरुजात खलनायक. सँडबॉक्समध्ये अशी वाट नसते. एक प्रदेश असतो, त्यात गावं, अवशेष, टोळ्या, राक्षस असतात आणि पार्टी, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांचा गट, कुठे जाईल ते पार्टीच ठरवते. ही कल्पना खेळाइतकीच जुनी आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा हा खेळ १९७४ साली आला, तेव्हा रानावनातल्या प्रवासासाठी ॲव्हलॉन हिल कंपनीच्या 'आउटडोअर सर्व्हायव्हल' या वेगळ्याच बोर्डगेमचा नकाशा वापरायला सुचवलं होतं. आधी नकाशा, मग त्यावर जे घडेल ते.

बसायच्या आधी

नियमांसाठी पैसे खर्च करायची घाई नको. पाचव्या आवृत्तीचे मूलभूत नियम जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत आहेत, पहिलं वर्षभर तेवढे पुरतात. सात फाशांचा एक संच लागतो. तो येईपर्यंत फोनवरच्या ॲपने काम भागतं.

खेळाडू चार किंवा पाच. पहिल्या बैठकीत खेळायचं नाही, फक्त बोलायचं. कोणाला कोणता प्रसंग टेबलावर नको आहे ते विचारून घ्या आणि पाळा. मग प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: तुझ्या पात्राला काय हवंय? उत्तर नकाशावर ठेवता आलं पाहिजे. "मला शूर व्हायचंय" याचं डीएम काही करू शकत नाही. "भावाला गॉब्लिनांनी उचलून नेलं, तो सापडायला हवा" हे उत्तर उपयोगाचं, कारण तो भाऊ आता कुठेतरी असलाच पाहिजे. आमच्यातल्या एकीने सांगितलं होतं, "घाटावर स्वतःची नाव आणि स्वतःचा धक्का घ्यायचाय, त्याला आठशे सोन्याची नाणी लागतात." इतकं साधं मागणं, पण त्या आठशे नाण्यांनी आमची कॅम्पेन, म्हणजे बैठकांमागून बैठका चालणारा एकच खेळ, कित्येक रविवार ओढत नेली. सँडबॉक्समध्ये खेळाडूची हाव हेच इंजिन असतं. ज्या पात्राला काही नकोच आहे, ते टेबलावर नुसतं बसून राहतं.

वेळेचंही तेव्हाच बोलून घ्या. आपल्याकडे कोणी अंबडच्या कारखान्यात शिफ्टमध्ये, कोणाची परीक्षा, कोणाच्या घरी पाहुणे. "सगळे जमले तरच खेळू" असं ठरवलंत तर तिसऱ्या महिन्यात खेळ बंद पडेल. बेन रॉबिन्स या डीएमने 'वेस्ट मार्चेस' नावाची कॅम्पेन चालवली होती, तिच्यात ठरलेली वेळ नव्हती, ठरलेली पार्टी नव्हती आणि ठरलेलं कथानकही नव्हतं. जे जमतील ते मोहिमेवर जात. त्यातला एक नियम मी जसाच्या तसा उचलला: सेशन संपताना पार्टी आपल्या ठाण्यावर परतलेली असली पाहिजे. म्हणजे पुढच्या रविवारी कोणीही आलं, कोणीही नाही आलं, तरी नवी मोहीम निघते.

नदी, मग बाकीचं

एक ए-फोर कागद घ्या, पेन्सिल घ्या आणि षटकोनी घरं आखा. आम्ही त्यांना हेक्सच म्हणतो. पाच आडवे, पाच उभे, एकूण २५ पुरे. एक हेक्स म्हणजे सहा मैल, आपल्या हिशेबात जवळजवळ दहा किलोमीटर. पाचव्या आवृत्तीत पायी पार्टी सामान्य वेगाने दिवसाला २४ मैल चालते, म्हणजे बऱ्या रस्त्याने चार हेक्स आणि डोंगर-जंगलातून दोन. हे अंतर नाशिककराला पायाने ठाऊक असतं. नाशिकहून त्र्यंबक साधारण तीस किलोमीटर, म्हणजे तीन हेक्स. पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला दिंड्या चालत जातात, त्यांना विचारा तीन हेक्स म्हणजे काय ते.

आता नदी काढा. किल्ला नको, राजधानी नको, राक्षसाची गुहा तर मुळीच नको, आधी नदी. नदी काढली की बाकीच्या जागा आपोआप सुचत जातात. ती डोंगरात उगम पावते, तिथे पाऊस आणि दाट झाडी. सपाटीवर येते तिथे पायी ओलांडता येईल असा उतार, उताराशी गाव, गावाला घाट, घाटाला बाजार. नदी ओलांडायची म्हणून रस्ता तिथेच येतो. रस्ता डोंगर चढतो तिथे खिंड आणि खिंडीवर नजर ठेवायला किल्ला. आपला जिल्हा डोळ्यांपुढे आणा. पश्चिमेला त्र्यंबक, इगतपुरीचे पावसाने भिजलेले डोंगर, पूर्वेला सिन्नर, येवल्याकडचं कोरडं माळरान आणि दोन्हींना जोडत वाहणारी गोदावरी. पांडवलेणीच्या पायऱ्या चढून एकदा शहराकडे बघा, वस्ती कशी पसरत गेली ते तिथून नीट कळतं. हा सगळा भूगोल उसना घ्या, नावं बदला. माझ्या नकाशावर नदीचं नाव कवडी आहे आणि ठाण्याचं घाटगाव.

२५ पैकी आठच हेक्स भरा. एक ठाणं, दोन गावं, तीन जुने अवशेष किंवा गुहा, एक अशी टोळी किंवा सत्ता जिला काहीतरी हवंय आणि एक असा प्रचंड धोका ज्याच्यापुढे पार्टी आज उभीही राहू शकणार नाही. उरलेल्या सतरा घरांत एकेक शब्द: माळ, जंगल, दलदल, कडा. मी पहिल्यांदा सगळी घरं भरली होती. महिना गेला आणि त्यातली वीस घरं कोणी पाहिलीसुद्धा नाहीत.

इथे एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. आपल्या परिसरातून उचलताना काय उचलतो याचं भान ठेवा. ज्या जागी लोक आज हात जोडतात, ती लुटायची गुहा म्हणून टेबलावर आणू नका. आणि डोंगरात, जंगलात राहतात ते रानटी, त्यांना मारलं की बक्षीस, हा जुन्या खेळांतला साचा इथे तर अजिबात नको. सुरगाणा, पेठ, त्र्यंबक या भागात कोकणा, वारली, महादेव कोळी लोक राहतात. त्यांची मुलं उद्या तुमच्या टेबलावर खेळायला येतील, आली पाहिजेत. माझ्या नकाशावर डोंगरातल्या वाड्यांवर पार्टीला वाट दाखवणारी, व्यापार करणारी, कधी पार्टीला झाडणारी माणसं आहेत. गॉब्लिन आणि ओगर हे वेगळे प्राणी आहेत, आणि त्यांनाही त्यांची कारणं आहेत.

जागेला मागचे मालक द्या

अवशेष आखताना नवखा डीएम खोल्या मोजतो: पहिल्या खोलीत सांगाडे, दुसरीत सापळा, तिसरीत पेटी. खोल्या नंतर. आधी तीन ओळी लिहा: कोणी बांधलं, नंतर कोणी घेतलं, आज तिथे कोण राहतं.

पांडवलेणीच बघा. लोक पांडवांची म्हणतात. आहेत बौद्ध लेणी, चोवीस. दहाव्या लेण्यात क्षत्रप घराण्यातल्या नहपान राजाचा जावई उषवदात याच्या दानाचे लेख आहेत. तिसऱ्यात सातवाहनांचे, गौतमीपुत्र सातकर्णीचे आणि त्याची आई गौतमी बलश्री हिचे. एकमेकांशी लढलेल्या दोन घराण्यांनी एकाच डोंगरावर आपापली नावं कोरली. पुढच्या काळात आणखी बुद्धमूर्ती कोरल्या गेल्या. आणि शेवटी लोकांच्या तोंडी उरलं ते भलतंच नाव. टेबलावरचा अवशेष असा असेल तर त्यात शोधण्यासारखं काही असतं. भिंतीवर एका राजाचं नाव खोडून त्याच्या शत्रूचं नाव कोरलेलं दिसलं की खेळाडू आपणहून प्रश्न विचारायला लागतात.

जागेचा आकारही खऱ्या जागेवरून घ्या. हरिहर किल्ल्यावर गेला असाल तर त्या उभ्या कातळातल्या पायऱ्या आठवा. हात घालायला दोन्ही बाजूंना खोबण्या कोरलेल्या. वरून कोणी उतरत असेल तर खालच्याने कातळाला चिकटून थांबायचं. आता हीच पायरी टेबलावर ठेवा. दोन्ही हात खोबणीत, म्हणजे ढाल पाठीवर आणि तलवार म्यानात. एका वेळी एकच जण चढणार. वर दोन गॉब्लिन आणि दगडांचा ढीग असला तरी पहिल्या पातळीच्या, म्हणजे अगदी नवख्या, पार्टीला तो किल्ला अवघड आहे. मग ते दुसरी वाट शोधतात, रात्रीची वाट बघतात, कोणीतरी म्हणतो आपण त्यांना खालून जेवण पाठवू. नियमांच्या पुस्तकात याचं उत्तर नाही, म्हणूनच ते खेळायला मजा येते.

बातमी

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. दहा अफवा लिहा. प्रत्येकीत तीन गोष्टी हव्यात: जागा, लालूच आणि धोक्याची एखादी खूण. माझ्या पहिल्या दहांपैकी चार अशा होत्या:

कवडीच्या उगमाशी दैत्यांनी एका रात्रीत खोदलेली लेणी आहेत, आतल्या दारावर मीठ टाकलं की ते उघडतं.

सुळक्याच्या किल्ल्यावर जुन्या सरदाराची तिजोरी तशीच आहे, पण रात्री वरून कोणीतरी दगड गडगडवतं.

घोडेवाल्यांचा तांडा खिंडीत शिरला तो बाहेर आलाच नाही. मालकिणीने दोनशे नाणी लावलीत.

मशालडोंगराकडे गुरं नेऊ नका, तिकडचं गवत जळकं लागतं.

पहिली अर्धी खरी आहे. लेणी आहेत, पण दैत्यांनी नाही खोदलेली, आणि मिठाचा दाराशी संबंध वेगळाच आहे. लोक पांडवांची म्हणतात तसंच. दहातल्या सहा खऱ्या, तीन वाकड्या झालेल्या, एक खोटी, एवढं प्रमाण मला बरं वाटतं. खोटी असली तरी ती सांगणाऱ्याला ती पसरवून काहीतरी मिळत असावं, म्हणजे खोटं उघडं पडल्यावरही हातात एक धागा राहतो. सगळ्याच अफवा फसव्या निघाल्या तर खेळाडू कोणाचंच ऐकणं सोडून देतात आणि आपण परत त्या डावी-उजवीकडे येतो.

या अफवा डीएमने वाचून दाखवायच्या नाहीत. प्रत्येक अफवा चिठ्ठीवर लिहा, कोणाकडून ऐकली तेही लिहा (नावाडी, वाणीण, गुराखी पोर) आणि प्रत्येक खेळाडूला दोन-दोन चिठ्ठ्या द्या. मग म्हणा, "तुम्ही घाटावर बसलाय, रात्र झालीय. बोला आपसात." आणि दहा मिनिटं गप्प बसा. गप्प बसणं अवघड जातं, पण बसा. आमच्याकडे असं झालं:

"माझ्या वाणिणीने तर सांगितलं किल्ला रिकामा आहे."

"अगं, रिकामा असता तर दगड कोण टाकतं?"

"तांडा आधी शोधू ना. दोनशे नाणी म्हणजे माझ्या नावेचा चौथा हिस्सा."

"आणि खिंडीतूनच किल्ल्याची वाट आहे की नाही, ते विचार ना दादाला."

दादा म्हणजे मी. मी फक्त म्हणालो, "आहे." पहिल्या सकाळी जे पाच जण गप्प बसले होते, त्यातलेच हे चौघं होते. त्यांच्यात काही बदललं नव्हतं, फक्त आता त्यांच्या हातात चिठ्ठ्या होत्या.

पाणी कुठवर आलं?

पार्टी एका दिशेला गेली म्हणून बाकीचा मुलूख झोपत नाही. तो पुढे सरकतोय हे दाखवायची रीत मी गोदाघाटावरून घेतली. जोराचा पाऊस झाला, गंगापूर धरणातून पाणी सोडलं की नाशिकमध्ये एकच प्रश्न: दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं? नदीपात्रातल्या त्या मूर्तीच्या पायाला, गुडघ्याला, कमरेला, छातीला. तेवढ्यावरून माणूस ठरवतो, दुकानातला माल हलवायचा की थांबायचं.

तुमच्या प्रत्येक मोठ्या संकटासाठी कागदावर एक उभा माणूस काढा आणि सहा खुणा करा: पाय, गुडघा, कंबर, छाती, गळा, डोकं. खेळातला एक आठवडा उलटला की सहा बाजूंचा फासा टाका. पाच किंवा सहा पडले तर पाणी एक खूण चढलं. सरासरीने एका खुणेला तीन आठवडे, म्हणजे पूर्ण बुडायला अठरा. पार्टीने त्या संकटावर काही केलं तर त्या आठवड्याचा फासा टाकू नका, चांगलं काम केलं असेल तर एक खूण उतरवा.

प्रत्येक खुणेला गावात काय दिसेल ते आधीच लिहून ठेवा. हे महत्त्वाचं आहे. माझ्या खिंडीत ओगर जमत होते. पायाला पाणी: दोन गुराखी परतले नाहीत. गुडघा: बाजारात मीठ दुप्पट महाग. कंबर: तांडे बंद. छाती: वरचं गाव रिकामं झालं, माणसं घाटगावच्या धर्मशाळेत. गळा: घाटावरून रात्री खिंडीत शेकोट्या दिसतात. डोकं: हल्ला.

पार्टीला तांडा सापडला, दोनशे नाणी मिळाली आणि ते लेण्यांच्या नादी लागले. मी मीठ महाग झाल्याचं सांगितलं. त्यांनी जास्त पैसे देऊन मीठ घेतलं, दारावर टाकायला. दोन महिन्यांनी धर्मशाळेत वरच्या गावची माणसं दिसली तेव्हा नाववालीने वही मागे चाळली आणि तिथेच थांबली. "मीठ," ती म्हणाली. "अरे, मीठ खिंडीतून येतं." कोणी माझ्यावर रागावलं नाही. बातमी त्यांना मिळाली होती, त्यांनी तिचा अर्थ दुसरा लावला होता. तेवढी शांतता आमच्या टेबलावर आधी कधी झाली नव्हती.

अशी संकटं दोन किंवा तीन. जास्त ठेवली तर तुमच्याच लक्षात राहणार नाहीत.

वाटेत

प्रवास उरकू नका, पण लांबवूही नका. रोजचा क्रम ठरलेला असू द्या: पार्टी हेक्स निवडते, वाट कोण काढतो ते सांगते, शिधा एकेक दिवसाने कमी होतो. मग सकाळी, संध्याकाळी आणि रात्री एकेकदा सहा बाजूंचा फासा. एक आला तर कोणीतरी भेटतं. तीन फाशांत एकदा तरी एक येण्याची शक्यता ४२ टक्के, म्हणजे दोन-तीन दिवसांच्या वाटचालीत बहुधा काहीतरी होतं. हे फासे सगळ्यांसमोर टाका. एकदा लपवून टाकलात की कोणी वाचलं ते फाशाने की तुमच्या दयेने, ही शंका टेबलावरून जात नाही.

भेटणं म्हणजे लढाई असं धरू नका. जुन्या आवृत्त्यांमधला एक तक्ता पाचव्या आवृत्तीबरोबरही बिनदिक्कत चालतो. सहा बाजूंचे दोन फासे टाका. दोन आले तर समोरचा थेट हल्ला करतो. तीन ते पाच, वैर धरून आहे. सहा ते आठ, साशंक, तुमच्याकडे बघतोय. नऊ ते अकरा, बोलायला तयार. बारा, मदतच करेल. छत्तीस शक्यतांपैकी सोळा त्या मधल्या साशंक खणात पडतात. म्हणजे जवळजवळ निम्म्या वेळा पुढे काय होणार ते पार्टी पहिलं वाक्य काय बोलते त्यावर असतं.

भेटींची यादी करताना प्रत्येक ओळीत क्रियापद ठेवा. "गॉब्लिन, चार" असं लिहिलंत तर लढाईशिवाय काही सुचणार नाही. मी लिहिलं होतं: चार गॉब्लिन चिखलात रुतलेलं गाढव ओढतायत. फाशांवर नऊ आले. पार्टीतला बुटका योद्धा काही न बोलता दोरीला हात लावायला गेला. गाढव निघालं, आणि गॉब्लिनांनी किल्ल्यामागची बकऱ्यांची वाट दाखवली. एका चिखलाने हरिहरच्या पायऱ्यांचा प्रश्न सोडवला.

पाऊस विसरू नका. आषाढात उगमाकडचे हेक्स निम्म्या वेगाने चालायचे, ओढे ओलांडायला दोर लागतो, ओल्या धनुष्याची तक्रार होते. आपल्याकडे पाऊस काही नुसता देखावा म्हणून पडत नाही.

आपल्यापेक्षा मोठं काही

मशालडोंगरावर ड्रॅगन आहे. पार्टी पहिल्या पातळीची असो की पाचव्या, तो तिथेच आहे आणि तेवढाच मोठा आहे. सँडबॉक्समध्ये धोका पार्टीच्या मापाने शिवायचा नसतो. पण मग जबाबदारी तुमची: जीव घेणाऱ्या गोष्टीच्या आधी तीन खुणा पार्टीला दिसल्याच पाहिजेत. जळकं गवत, वितळलेली घंटा, त्या वाटेला न जाणारा अनुभवी वाटाड्या. तीन खुणा बघूनही ते चढले तर चढू द्या. आणि पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगा की पळून जाता येतं. तयार साहसं खेळून आलेल्यांना समोर ठेवलेलं सगळं मारण्यासाठीच आहे असं वाटत असतं.

पात्राची पातळी ज्यांनी वाढते त्या अनुभवाच्या गुणांसाठी मी जुना नियम वापरतो: ठाण्यावर परत आणलेल्या सोन्याच्या प्रत्येक नाण्याला एक गुण. त्यासाठी वरच्या पातळ्यांचा तक्ता थोडा हाताळावा लागतो, पण लढाई टाळण्यात फायदा आहे हे खेळाडूंना लगेच कळतं.

उठण्याआधीचा प्रश्न

सेशन संपताना, वह्या मिटायच्या आत विचारा: "पुढच्या वेळी कुठे?" आणि उत्तर मिळेपर्यंत कोणाला उठू देऊ नका. सँडबॉक्सची तयारी अफाट असते असं लोक म्हणतात, त्याला हा प्रश्न उत्तर आहे. ते लेण्यांत जाणार म्हणाले की तुम्हाला फक्त लेणी लागतात: सहा ते दहा खोल्या, दोन माणसं, वाटेतल्या सहा भेटी आणि उभ्या माणसांवरचं पाणी. दोन तासांत होतं. माझं बुधवारी रात्री होऊन जातं.

आणि ऐन सेशनमध्ये त्यांनी मन बदललं तर? खरं सांगा: "तिकडचं माझं तयार नाही. आज प्रवासापुरतं खेळू, तिथे पुढच्या रविवारी पोचू." खेळाडू समजून घेतात. एक गोष्ट मात्र करू नका. पूर्वेला तयार केलेली गुहा, पार्टी पश्चिमेला गेली म्हणून उचलून पश्चिमेला ठेवू नका. त्यांना कळणार नाही, हे खरं आहे. पण तुम्हाला कळेल, आणि तुम्ही पुन्हा दिलेल्या प्रत्येक चिठ्ठीची किंमत तुमच्या मनात शून्य होईल. वाया गेलेली गुहा वहीत राहू द्या. ती वाया जात नाही, तिची अफवा होते.

सतराव्या सेशनला नाववालीची आठशे नाणी पुरी झाली. धक्का घेतला, नाव घेतली, नावेला तिने स्वतःच्या आजीचं नाव दिलं. मी नेहमीचा प्रश्न विचारला आणि तिने नकाशाच्या उजव्या कडेवर बोट ठेवलं, जिथे कवडी कागदाबाहेर जाते. "इथून खाली." त्या बाजूला माझ्याकडे काहीच नव्हतं, म्हणून आम्ही तेव्हाच थांबलो. घरी जाऊन दुसरा कागद मागच्या बाजूने टेप लावून जोडला, नदी पुढे ओढली, तिला एक वळण दिलं आणि वळणावर एक गाव. पुढच्या रविवारसाठी चार नव्या चिठ्ठ्या लिहिल्या, चारही वरच्या अंगाला निघालेल्या नावाड्यांकडून ऐकलेल्या.